बँकॉक-पट्टायाच्या रात्री : आधी भाव विचारा, मग बसा

वाचकांचे प्रश्न, प्रवास विभागाची उत्तरे. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच होता, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत.

ऑफिसातले आम्ही सात जण चार रात्री-पाच दिवसांच्या पॅकेजवर चाललोय. आमच्याआधी गेलेल्या टीमला पटपाँगमध्ये (बँकॉकमधली बारची गल्ली) 'शो फुकट, बिअर शंभर बाट' असं कार्ड दाखवून वर नेलं आणि निघताना सहा हजार बाट मागितले. हे टाळायचं कसं? (महापे)

कार्डावर लिहिलेले खोटे नसते, अर्धवट असते. बिअर शंभरचीच असते. पण शो पाहिल्याचे वेगळे, बसल्याचे वेगळे, टेबलाशी येऊन बसलेल्या मुलींनी मागवलेली पेये तुमच्या नावावर, आणि वर प्रत्येकीची टिप. हे सगळे एकदम बिलावर येते तेव्हा तुम्ही वरच्या मजल्यावर असता, जिना एकच असतो आणि त्याच्या तोंडाशी दोन दांडगे उभे असतात. सापळा त्या जिन्यात आहे. म्हणून रस्त्यावरचा माणूस ज्या जागी घेऊन जातो तिथे जायचे नाही, मग तो कितीही 'इंडिया? माय फ्रेंड!' करो. तळमजल्यावरचे, दार उघडे असलेले, मेनूवर दर छापलेले बार त्याच गल्लीत आहेत.

तरीही अडकलात तर आवाज चढवू नका आणि धक्काबुक्की तर अजिबात नको. छापील मेनू मागा, त्याप्रमाणे जे प्यायलात तेवढे पैसे मोजून टेबलावर ठेवा आणि ११५५ हा टूरिस्ट पोलिसांचा नंबर फोन स्पीकरवर ठेवून लावा. तिथे इंग्रजीत बोलता येते. फोन लागला की आकडा खाली येऊ लागतो. नाहीच आला आणि वातावरण तापले तर पैसे देऊन बाहेर पडा आणि पाटीचा फोटो घेऊन मग तक्रार करा. पैसे रोखच द्या, कार्ड दुसऱ्याच्या हातात जाऊ देऊ नका.

आता सरळ बारबद्दल, कारण सातांपैकी पाचांचा खिसा तिथेच हलका होतो. सुखुमवित भागात सोई ४ (सोई म्हणजे गल्ली) वरचा तीन मजली नाना प्लाझा आणि असोकजवळची, सोई २१ ते २३ यांच्या मधली सोई काउबॉय ही बँकॉकची दोन ठरलेली ठिकाणे. अशा बारमध्ये बिअर साधारण १५० ते २५० बाट. एका बाटचे अडीच ते तीन रुपये धरा. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी तुमच्या समोरच्या छोट्या कपात खोचली जाते. तो कप म्हणजेच तुमचे चालू बिल. प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठी काढून पाहा, कोणी वाईट वाटून घेत नाही. सात जणांचा एकच कप मात्र ठेवू नका. सामायिक कपाकडे कोणाचेच लक्ष नसते आणि शेवटी 'तूच मागवलंस' सुरू होते. दोघादोघांचा वेगळा कप मागा, मिळतो.

'लेडी ड्रिंक' म्हणजे तिथे काम करणाऱ्या मुलीसाठी तुम्ही मागवलेले पेय. ते तुमच्या बिअरहून महाग असते आणि त्यातला ठराविक वाटा तिला मिळतो. नको असेल तर हसून नको म्हणायचे, ती उठून जाते. हो-नाही करत तासभर गप्पा मारत बसणे हा तिच्या कमाईच्या वेळेचा खोळंबा आहे. बारमध्ये टांगलेली घंटा वाजवली की हजर असलेल्या सगळ्यांना, कामाला असलेल्यांसकट, एकेक पेय तुमच्या खर्चाने. घंटा दिसली की हात वर जाणे ही आपली देवळातली सवय, ती तेवढी ठाण्याला ठेवून या.

रूफटॉप बारमध्ये दरापुढे दोन अधिक चिन्हे असतात. म्हणजे आधी १० टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. मेनूतले ४०० बिलात ४७१ होतात. याला फसवणूक म्हणून भांडू नका, तो तिथला रिवाज आहे.

पट्टायात 'आधी भाव' या नियमाला एक अपवाद आहे : बीच रोडवरून फिरणारी सोंगथ्यू, म्हणजे मागे बाक असलेली पिकअप. ती शेअर रिक्षासारखी चालते. मुकाट चढा, उतरायचे तिथे बटण दाबा आणि ठरलेले सुटे भाडे ड्रायव्हरच्या हातात द्या. आधी 'हाउ मच?' विचारलेत की त्याने तुम्हाला अख्खी गाडी भाड्याने हवी असे धरले, मग शंभर-दोनशे बाट ठरलेले.

आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या चाळिशीतल्या. रात्रीचं बँकॉक बघायचंय, पण ओंगळ काही नको. आमच्यासारख्यांना जाता येतं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

बेधडक जा. पट्टायात टिफनीज आणि अल्काझार हे दोन कॅबरे शो आहेत. टिफनीज १९७४ पासून चालू आहे. रंगमंचावरच्या कलाकार बहुतांश ट्रान्सजेंडर स्त्रिया असतात, नाचगाणे आणि भपका भरपूर, आणि प्रेक्षकांत आजी-नातवंडेही असतात. शो संपल्यावर कलाकार बाहेर अंगणात उभ्या राहतात. त्यांच्यासोबत फोटो काढला की टिप द्यायची असते, साधारण १०० बाट. दोघी-तिघी कलाकार एकदम फोटोत आल्या तर प्रत्येकीला वेगळी. त्यामुळे आधी एकीलाच बोलवा.

बँकॉकमध्ये यावारात, म्हणजे चायनाटाउन, रात्रीच रंगते. शाकाहारी असाल तर 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्यात मांस-मासे, अंडे, फिश सॉस काहीही नसते, कांदा-लसूणही नसतो. नुसते 'व्हेज' म्हटले तर फिश सॉस हमखास पडतो.

रूफटॉपवर उघड्या चपला, शॉर्ट्स चालत नाहीत आणि लिफ्टपाशीच परत पाठवतात. बीटीएस म्हणजे उन्नत रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. त्यानंतर ग्रॅब किंवा बोल्ट अॅपवर गाडी मागवा. गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले टॅक्सीवाले मीटर टाकत नाहीत, मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेलात तर चालती टॅक्सी मीटरवर मिळते. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो. सोई काउबॉयमधून फेरफटका मारायलाही हरकत नाही, बायका जातात, बारमध्येही बसतात. फक्त आत मोबाइल पर्समध्ये ठेवा. आतल्या मुलींचे फोटो काढणे हा तिथे भांडणाचा हमखास विषय आहे, आणि रास्तही.

रोख किती न्यावी? (वाशी)

दोन दिवस पुरतील एवढे बाट इथूनच घ्या, बाकी फॉरेक्स कार्डावर ठेवा. विमानतळाच्या आगमन कक्षातल्या काउंटरचा दर शहरातल्यापेक्षा कमी पडतो. तिथले एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क लावते, म्हणून पाचशे-पाचशे काढू नका, एकदाच काढा. मशीन 'विथ कन्व्हर्जन' (तिथेच रुपयांत बदलून) की 'विदाउट कन्व्हर्जन' विचारते, तेव्हा दुसरे निवडा. पहिले निवडलेत तर दर तिथल्या बँकेच्या मर्जीचा. रात्री बाहेर पडताना त्या रात्रीचीच रक्कम खिशात, कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. हजाराची नोट देताना 'वन थाउजंड' असे मोठ्याने म्हणून द्या. मंद उजेडात 'तुम्ही शंभरचीच दिली' ऐकावे लागत नाही.

आणखी एक. मे २०२५ पासून थायलंडला डिजिटल आगमन कार्ड भरावे लागते, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. सर्चमध्ये वर येणारी पैसे मागणारी संकेतस्थळे दलालांची असतात.

तिथे सगळं उघड चालतं म्हणजे ते कायदेशीरच असणार ना? टूरवाल्याने तसंच सांगितलंय. (कोपरखैरणे)

टूरवाला चूक सांगतो आहे. थायलंडच्या १९९६ च्या कायद्यानुसार वेश्याव्यवसाय बेकायदा आहे. बार चालतात ते पेये आणि नाच यांच्या परवान्यावर. 'बार फाइन' म्हणजे मुलीला कामावरून बाहेर नेण्यासाठी बारला भरायची रक्कम. ती भरली म्हणून कायद्याचे संरक्षण मिळत नाही आणि मुलीवर हक्क तर मुळीच येत नाही. ती कुठल्याही क्षणी नाही म्हणू शकते, विषय तिथे संपला.

वयाबाबत कसलीही सूट नाही. १८ च्या आतील व्यक्तीशी पैशांच्या बदल्यात संबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, तिची संमती होती हा बचाव होत नाही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतातही चालू शकतो. कोणाचे वय किंवा मर्जी याबद्दल शंका आली, कोणी धाकात दिसले, तर उठा, बाहेर या आणि ११५५ ला कळवा. हॉटेलचे रिसेप्शन पाहुणीचे ओळखपत्र मागून नोंदवते, त्याला 'कटकट' म्हणणाऱ्या मित्रापासून लांब राहा. एखादे हॉटेल काहीच विचारत नसेल तर ते हॉटेलच वाईट.

क्लबमध्ये प्रवेशाचे वय २० आहे, दाढीमिशा असल्या तरी ओळखपत्र मागतात. ई-सिगारेट थायलंडमध्ये बंदी असलेली वस्तू आहे. रस्त्यावर राजरोस विकताना दिसली तरी दंड ओढणाऱ्यालाही होतो.

तिथे गांजाची दुकानं आहेत म्हणे. येताना दोन-चार गमीज (गांजाच्या चघळायच्या गोळ्या) आणल्या तर? आणि तिथला एक ओळखीचा 'एवढी बॅग मुंबईला ने, तिकिटाचे पैसे मी देतो' म्हणतोय. (कळवा)

दोन्हींना नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा गुन्ह्याच्या यादीतून काढला, पण जून २०२५ पासून विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली आहे. तुम्ही उतरता मुंबईत, आणि इथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. बँकॉकच्या विमानांवर मुंबई कस्टम्सची खास नजर असते, हायड्रोपोनिक (मातीविना वाढवलेला) गांजा याच मार्गावर वारंवार पकडला जातो. बिस्किटांचे पुडे, खेळणी, बॅगेचा चोरकप्पा, सगळे त्यांना पाठ आहे. बॅग तुमच्या नावाच्या टॅगची, म्हणजे माल तुमचा. फुकट तिकीट देणारा माणूस विमानतळावर नसतो.

संबंधाच्या वेळी निरोध फाटला. परत येऊन एक दिवस झाला. कोणाला सांगू कळत नाही. (नेरूळ)

हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही लगेच ईमेलने कळवले. इतरांसाठी इथे देतो.

एचआयव्ही टाळण्याची औषधे, ज्याला पेप म्हणतात, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितके चांगले, आणि कोर्स २८ दिवसांचा पुरा करायचा. बरे वाटते म्हणून दहाव्या दिवशी सोडायचा नाही. सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाऊन सरळ 'पेप हवे आहे' म्हणा. कुठे मिळेल ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. घटना सहलीच्या पहिल्याच रात्री घडली असेल तर घरी येण्याची वाट पाहू नये. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचे नाव न विचारता तपासणारे क्लिनिक आहे, औषध तिथे सुरू करून पुढचा कोर्स इथे पुरा करता येतो.

दुसऱ्या दिवशीची एचआयव्ही तपासणी फक्त आधीची स्थिती सांगते. नव्या संसर्गासाठी डॉक्टर देतील त्या तारखांना परत जावे लागते, तीन महिन्यांची तपासणी तर चुकवायचीच नाही. सोबत सिफिलिस, गनोरिया आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. सगळे अहवाल स्वच्छ येईपर्यंत घरीही निरोध वापरा आणि रक्तदान करू नका. बायकोला सांगायचे की नाही हा तुमचा प्रश्न, तिला धोक्यात ठेवायचे की नाही हा नाही.

निरोध फाटण्याची कारणे बहुतेकदा साधी असतात. पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला, मुदत संपलेला, टोकाशी हवा अडकलेला, किंवा खोबरेल तेल-व्हॅसलीन लावलेला. तेलाने लेटेक्स काही मिनिटांतच कमजोर होते. वंगण पाण्याचे घ्या.

पट्टायात स्कूटर भाड्याने घेऊ का? (खारघर)

आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, किंवा प्यायलेले असाल, तर विमा कंपनी अपघाताचा दावा फेटाळेल. तारण म्हणून पासपोर्ट तर कधीच ठेवू नका. जुना ओरखडा नवा म्हणून दाखवून पैसे उकळतात ते त्याच जोरावर. जेट-स्कीवाल्यांचेही तेच. वापरण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा.

रात्री पासपोर्ट हरवला तर काय? परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर? (पनवेल)

विमान चुकेल हे धरून चाला आणि एअरलाइनला आधी कळवा. मग जवळच्या पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून त्याची प्रत घ्या. भारतीय दूतावास सुखुमवित सोई २३ वर आहे, म्हणजे सोई काउबॉयचे एक टोक ज्या रस्त्याला लागते त्याच रस्त्यावर, त्यामुळे पत्ता शोधायला त्रास पडणार नाही. पोलीस नोंद, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत, फोटो आणि परतीचे तिकीट घेऊन गेलात की इमर्जन्सी सर्टिफिकेटसाठी अर्ज करता येतो. ते फक्त भारतात परतण्यापुरते चालते. ते हातात आल्यावर थाई इमिग्रेशनमध्ये तुमच्या प्रवेशाची नोंद त्यावर करून घ्यावी लागते, आणि ही पायरी विसरलेले विमानतळावर अडकतात. येतानाचा बोर्डिंग पास आणि डिजिटल आगमन कार्डाचा ईमेल इथे कामी येतो, म्हणून दोन्ही फोनमध्येच नव्हे, ईमेलवरही ठेवा. फोन आणि पासपोर्ट बहुधा एकाच खिशातून जातात.