कोकणात माणूस नक्की केव्हापासून राहतो? परशुरामाच्या कथेपलीकडे काही पुरावा आहे का?

आहे ना. त्यातला थोडा आम्हीच चिरे पाडून विकला.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, घराच्या वर सडा, म्हणजे उघड्या जांभ्या कातळाचं पठार. सातबारावर त्याची नोंद 'पोटखराब', म्हणजे लागवडीला नालायक. त्या सड्यावर कातळात कोरलेला एक मासा होता, पाकट. मी दोन्ही हात पसरून आडवा झालो तरी त्याच्या कडा बाहेर उरायच्या. दोन बोटं खोल खाच, लांब शेपटी. भर दुपारी नुसत्या रेघा वाटायच्या; उन्हं कलली की खाचांत सावली भरायची आणि अख्खा मासा उठून दिसायचा. आजी त्याला पांडवांचं काम म्हणायची, आणि वर चपला घालून जाऊ द्यायची नाही.

2011 साली चुलत्यांनी त्यांच्या वाट्याचा सडा चिरेखाणीला दिला. मी पुण्याहून फोन केला, तर म्हणाले, "गुराख्यांनी मारलेल्या रेघोट्या त्या. पोटखराबात नाचणी पिकत नाही, दगड तरी विकू दे." गणपतीत गेलो तेव्हा तिथे चौकोनी खड्डा आणि त्यात पावसाचं लाल पाणी. शेपटी तेवढी राहिली, कारण ती आमच्या हद्दीत होती. बाकीचा मासा कुणाच्या तरी गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात आहे.

गुराखी म्हणे! कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटरचा आहे, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. रत्नागिरीतल्या कातळशिल्पांत गेंडाही आहे. आमचे गुराखी काय गेंडे वळायला न्यायचे? उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या गावांतली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या, म्हणजे संभाव्य स्थळांच्या यादीत गेली. तेव्हा चुलत्यांनी बातमीचं कात्रण मलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वर लिहिलं होतं, 'अभिमान'.

तुमचा प्रश्न राहिलाच. गुहागरजवळ पालशेतला सुसरोंडीची गुहा आहे, तिथे अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडलीत. कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेतही. पुढच्या काळाबद्दल तर वादच नको: सोपाऱ्याचा (आजचं नालासोपारा) स्तूप पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली उकरला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्याच्याच परिसरातले. चौल बंदर दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. परशुरामाची कथा मलाही आवडते, पण तिच्यावरून वय काढू नका.

हां, एक सांगायला हवं. कोरीव चित्रांचं वय ठामपणे कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. उघड्या कातळावरच्या खाचेत काळ मोजण्याजोगं काही सहसा उरत नाही. गुहेतली हत्यारं आणि सड्यावरची चित्रं एकाच माणसांची, असंही त्यावरून ठरत नाही. आणि प्रत्येक रेघ जुनी नसते, हे चुलत्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं.

तुमचाही सडा असेल तर खाणवाल्याच्या कागदावर सही करण्याआधी सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, एकदा झाडून बघा. खराट्याने, फावड्याने नको. फोटो काढा, शेजारी माप ठेवा.

आणि काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. शेपटीचा तुकडा माझ्या नावावर आहे. मोजणीवाला पाठवू नका.