हौन्स्लोतली विमानं आणि माझी तक्रारींची वही

ताई, पहाटे साडेचारपासून विमानं सुरू, बाळ दचकून उठतं, महिन्यात एकवीस तक्रारी केल्या, कौन्सिल म्हणते हे आमच्याकडे येत नाही, मग दाद मागायची कुठे, असं विचारलंय तुम्ही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाशेजारच्या या हौन्स्लोत मला एकोणीस वर्षं झाली. पहिलं दीड वर्ष मीही हेच केलं. उशाशी वही आणि वहीत विमानांच्या वेळा.

कौन्सिलचं आधी सांगतो, कारण तिथली माणसं उगाच बोलणी खातात. शेजाऱ्याचा दणदणाट थांबवायचा अधिकार त्यांना १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने दिलाय, पण त्याच कायद्यात विमानाचा आवाज वगळलाय. त्याला अपवाद एकच, मॉडेल विमान! म्हणजे बागेत कुणी खेळातलं विमान घरघरवत बसलं तर नोटीस निघू शकते, छपरावरून ए-३८० सारखं अवाढव्य प्रवासी विमान गेलं तर नाही. कोर्टात जाऊ म्हटलं तर १९८२ च्या नागरी विमान वाहतूक कायद्याचं ७६ वं कलम आडवं येतं. नियम पाळून, वाजवी उंचीवरून विमान गेलं तर नुसतं गेलं म्हणून उपद्रवाचा दावा चालत नाही. रूथ हॅटन आणि हीथ्रोजवळचे आणखी काही रहिवासी रात्रीच्या विमानांवरून पार स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २००१ मध्ये जिंकले आणि २००३ मध्ये मोठ्या पीठापुढे मुख्य मुद्द्यावर हरले.

आता तुमच्या एकवीस तक्रारी. सगळ्या उतरणाऱ्या विमानांच्या आहेत, घोळ तिथेच आहे. आवाजाची मर्यादा मोडली म्हणून दंड होतो तो उड्डाण करणाऱ्याला. उतरणाऱ्याला तशी मर्यादाच नाही. तीन अंशांच्या उतारावर त्याला सरळ रेषेत यावं लागतं, म्हणजे धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर ते जेमतेम पावणेतीनशे मीटर उंच असणार. ‘इतकं खाली का?’ याला कुणी दुसरं काय उत्तर देणार? माझी निम्मी वही याच प्रश्नाने भरली होती.

उरलेली निम्मी वाऱ्याविरुद्ध होती, हे मला फार उशिरा कळलं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. इथला वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणून ती पूर्वेकडून, आपल्या डोक्यावरून येतात. वारा पूर्वेचा झाला की आपल्याकडे उतरणं बंद. एकदा सलग पाच दिवस असं झालं आणि मी बायकोला म्हटलं, बघ, वहीचा परिणाम! कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

मग करायचं काय? पश्चिमेचा वारा असताना उतरायची धावपट्टी दुपारी तीनला बदलते, आणि दर आठवड्याला सकाळ-दुपारची अदलाबदल होते. त्याचं वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. ते छापून फ्रिजवर लावा आणि बाळाची दुपारची झोप त्यावर बेता. पहाटेचा त्रास याने जात नाही, खोटं कशाला सांगू.

तक्रार करायचीच तर ठरल्यापेक्षा वेगळं घडेल तेव्हा करा. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात वर्षाला ५,८०० उड्डाणं-उतरणी एवढीच मुभा आहे, आणि त्यातून काहींना सूट मिळते. साडेअकरानंतर एखादं रेंगाळलेलं विमान गेलं तर मिनिटासकट वेळ लिहा आणि विमानतळाला सरळ विचारा: हे कोट्यात धरलं का? सूट दिली असेल तर कारण काय? ‘आवाजाने हैराण झालो’ ही नुसती नोंद होते, याला मात्र कारण शोधून लिहावं लागतं. प्रत आपल्या खासदाराला पाठवा. रात्रीची मर्यादा सरकार ठरवतं, विमानतळ नाही.

आणि घर भाड्याचं असेल तर करार संपताना नकाशा घेऊन बसा. दोन धावपट्ट्यांत जवळपास दीड किलोमीटरचं अंतर आहे, दोन्ही रेषांच्या मधल्या गल्ल्यांत बराच फरक पडतो. फक्त घर बघायला सकाळी एकदा आणि तीननंतर एकदा जा. मला एजंटने दुपारी चारला नेलं होतं. काय शांतता होती!