कामगार कायदा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता: संशोधनाला सुरुवात कुठून करावी?
एलएलएमनंतर (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर) या विषयात करिअर करायचं तर नुसती निकालपत्रं वाचून भागत नाही, आणि बहुतेक जण नेमके तिथेच अडकतात. बरेच अपघात भरपाईवर मिटतात, कोर्टापर्यंत येतच नाहीत. निकालांवरून काढलेलं चित्र एकांगी निघतं.

पाया म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कामाच्या सुरक्षिततेवरची क्रमांक १५५ (१९८१) आणि १८७ (२००६) ही कन्व्हेन्शन्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार, मुळातून वाचा. २०२२ मध्ये त्या दोन्हींना मूलभूत दर्जा मिळाला, म्हणजे विषय ताजा आहे. ब्रिटनचा १९७२ चा रोबेन्स अहवालही सोडू नका. बारीकसारीक नियमांऐवजी मालकावर सर्वसाधारण जबाबदारी टाकायचा विचार त्यातूनच तिथल्या १९७४ च्या कामाच्या जागेवरील सुरक्षा कायद्यात आला.

मग अपघात अहवाल. कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ दिसला की थांबू नका. समजा, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस यंत्राचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं संरक्षक झाकण, काढलेलं होतं, पण का? अडकलेला पत्रा सोडवायला ते दर वेळी उघडावं लागत असेल आणि मजुरी नगावर असेल, तर दोष यंत्राच्या रचनेत आणि वेतनपद्धतीत आहे. वकिलाला इथे यंत्र कळावंच लागतं.

पीएचडीचा विषय एका उद्योगातल्या एकाच धोक्यापुरता ठेवा. ‘औद्योगिक सुरक्षा: एक अभ्यास’ छापाचे विषय तिसऱ्या प्रकरणात फसतात.