अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट पुन्हा पुन्हा वाजतात: इंजिन खोलण्याआधी गॅप काय सांगते ते बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क २, मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. टॅपेट सेट केले की दोन-तीनशे किलोमीटरमध्ये पुन्हा वाजतात, यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना गाडी धापा टाकते, आणि मेकॅनिक पूर्ण इंजिन खोलायचं म्हणतोय.

एवढ्यात खोलू नका. आधी एक वही करा. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी आठही व्हॉल्व्हची गॅप, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, मोजून लिहा, मगच सेट करा. तीनशे किलोमीटरनंतर तशाच थंड इंजिनावर पुन्हा मोजा. बहुतेक जण नुसतं सेट करतात, आधी किती होती ते बघतच नाहीत. खरी माहिती त्या फरकात असते.

स्पार्क प्लग काढून हँडलने इंजिन फिरवा. व्हॉल्व्हचे नंबर इंजिनाच्या समोरून धरायचे आणि नऊची बेरीज लक्षात ठेवायची: ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की १ ची गॅप मोजा, ६ दाबला की ३, ५ दाबला की ४, असं. समोरून १, ४, ५, ८ हे एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) आणि २, ३, ६, ७ इनलेट. गॅपचा आकडा १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमी. सेटिंग थंड इंजिनावर की गरम, हे तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच धरा, दोन्हींची सरमिसळ नको.

आता वही वाचा. गॅप कमी होत असेल, तेही एक्झॉस्टची, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीत, रुतत चाललाय. वाढत असेल तर कॅमवर टेकणारा टॅपेट, त्याच्यावरचा पुशरॉड किंवा रॉकर झिजतोय. गॅप जागची हलत नाही पण एखाद्या सिलिंडरला जोर नाही, तर कॅमचं नाक (टॅपेटला वर ढकलणारा उंचवटा) झिजलंय. हे तिसरं फिलर गेजला, म्हणजे गॅप मोजायच्या पातीला, कधीच कळत नाही, कारण गॅप आपण कॅमच्या पाठीवर मोजतो आणि झीज होते नाकावर. आणि गेज बरोबर १५ दाखवतंय तरी खडखड आहे, तर रॉकरच्या टोकाला खळगा पडलाय. सपाट पाती खळग्यावर पुलासारखी बसते, खाली व्हॉल्व्हची दांडी मात्र आणखी चार-सहा थाऊ दूर असते.

तुमच्या वर्णनावरून दोन दुखणी एकत्र दिसतात: आवाज रॉकरचा आणि घाटातला अशक्तपणा एक्झॉस्ट सीटचा.

रॉकर शाफ्टपासून (रॉकर ज्यावर हलतात ती दांडी) सुरुवात करा, पण पुढे दिलेलं पुशरॉडचं मोजमाप आधी उरका आणि एक गोष्ट सांभाळा. शाफ्टचे चार स्टँड आठ नटांवर बसतात आणि त्यातले चार नट हेडचेसुद्धा आहेत. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढा, हेडचे सगळे नट थोडे थोडे, क्रमाने सैल करा, मगच शाफ्ट उचला. नुसते स्टँडचे नट काढले तर हेडवर एका बाजूने ताण येतो आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं. नट एकदा सैल केले की हेड उतरवून नवीन गॅस्केट टाकणंच शहाणपणाचं, नाहीतरी सीट बघायचीच आहे. पुशरॉड उचलताना हलकासा हिसडा देऊन सुटे करा, नाहीतर खालचा टॅपेट चिकटून वर येतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबर घाला आणि रॉड त्यातच ठेवा.

शाफ्ट खालच्या अंगाने बघा. पुशरॉड आणि स्प्रिंग दोघंही रॉकरला वर ढकलतात, म्हणून झीज शाफ्टच्या पोटाला येते. नख फिरवा, रॉकरच्या जागी पायरी लागली तर शाफ्ट बदलायचा. तो उलटा फिरवून बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ऑइलची भोकं चुकीच्या बाजूला जातात. जुना शाफ्ट ठेवणार असाल तर टोकाचा आट्याचा प्लग खोलून आतला गाळ तारेने आणि डिझेलने साफ करा. ऑइल मागच्या स्टँडमधून शाफ्टमध्ये येतं, त्यामुळे तेही भोक फुंकून बघा. झीज होण्याचं मूळ बहुतेक वेळा याच गाळात असतं.

रॉकरच्या भोकात नवीन बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) दाबून बसवल्यावर दोन कामं राहतात आणि एक हमखास विसरलं जातं. बुशचा जोड वरच्या बाजूला ठेवून रॉकरमधलं ऑइलचं भोक बुशमधून आरपार ड्रिल करायचं, आणि त्यानंतर रीमर मारून आतलं माप नेमकं करायचं. प्ले (शाफ्टवरचा ढिलेपणा) जास्तीत जास्त २ थाऊ. भोक पाडायचं राहिलं तर नवा बुश काही दिवसांतच खलास. रॉकरच्या टोकावरचा खळगा उथळ असेल तर मूळ गोलाई राखून दगडावर घासता येतो. वरचा कडक थर पातळ असतो, म्हणून खोल खळग्याला रॉकर बदलणं हाच उपाय.

आता सीट. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट सीटवर थर धरून ओतीव लोखंडाला वाचवायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला फारसा फरक पडत नाही, पण घाटात सतत जोर लावला की सीट तापते आणि व्हॉल्व्ह तिचे बारीक कण उपटतो. अशा सीटवर पेस्ट लावून घासत राहिलात तर व्हॉल्व्ह आणखी खोल जातो. चारही एक्झॉस्टला कडक सीटच्या रिंगा बसवून घ्या. सांगली, इस्लामपूर, कऱ्हाड भागात उसाच्या ट्रॅक्टरांची हेड करणारे लेथवाले हे काम नेहमी करतात. त्यांना स्पष्ट सांगा: आधी गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), मग सीट, कारण कटरचा पायलट गाइडमध्ये चालतो. रिंग ३ ते ४ थाऊ घट्ट, सीटचा कोन ४५ अंश, एक्झॉस्टची रुंदी दीड ते दोन मिमी. अरुंद सीट छान दिसते, पण व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये तिच्यातूनच जाते. जागा गरजेपेक्षा खोल कापू देऊ नका, मागे पाण्याची पोकळी आहे. हेड घरी आणल्यावर पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं थांबा, व्हॉल्व्हकडून थेंब येता कामा नये.

कॅम तपासायला शाफ्ट काढण्याआधीच डायल गेज लावून प्रत्येक पुशरॉड किती उचलला जातो ते लिहा. सगळे इनलेट एकमेकांशी, सगळे एक्झॉस्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा १० थाऊ कमी असेल तर मॅनिफोल्ड काढून बाजूची टॅपेट कव्हरं उघडा आणि त्या टॅपेटच्या तळावर पट्टी धरा. मधून उजेड दिसला तर तळ खोल गेलाय. नव्या कॅमवर जुना टॅपेट कधीही नको. आठही नवे टाका, मॉलिब्डेनमची पेस्ट लावा, आणि पहिल्यांदा सुरू झाल्याबरोबर २० मिनिटं १५०० ते २५०० आरपीएममध्ये ठेवा. आयडलला सोडू नका, कॅमला ऑइल क्रँकच्या उडण्यातून मिळतं आणि आयडलला ते पुरत नाही. नंतर ऑइल बदला. ऑइल २०डब्ल्यू-५० घ्या. नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेलं असतं.

आवाज बंद करायला गॅप १० थाऊवर आणायचा मोह टाळा. वाजणारा टॅपेट फक्त कानाला त्रास देतो, गॅप संपलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही आणि घाटात जळतो.

जोडल्यावर कव्हर न लावता आयडलला आठही रॉकरवर ऑइल पाझरतंय का ते बघा. पाचशे किलोमीटरनंतर हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. त्यानंतर गॅप सरकलेली असणारच, त्याच दिवशी पुन्हा सेट करा आणि आकडे वहीत लिहा.