न मागितलेली प्रमाणपत्रे अमेरिकेतील विद्यापीठांना पाठवावीत का?

आपण विचारले आहे की, बारावीत असलेली आपली मुलगी कॉमन अ‍ॅपमधून (अनेक विद्यापीठांसाठी चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जातून) अमेरिकेतील विद्यापीठांना पदवीसाठी अर्ज करत आहे. तबल्याची, ग्रेड परीक्षांची आणि वक्तृत्व स्पर्धांची प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रातील कात्रणे आणि ओळखीच्या आमदारांचे शिफारसपत्र असा संच कुणी मागितलेला नसताना स्वतंत्रपणे पाठवला, तर तिचा फायदा होईल का? माझे स्पष्ट मत असे आहे की पाठवू नये. मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि परदेशी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे लिहिते, त्यामुळे ही घालमेल मला जवळून ठाऊक आहे.

आपल्याकडे कागदाला थेट किंमत असते. इंटरमिजिएट ड्रॉइंगची श्रेणी दहावीच्या गुणांत भर घालते, आणि प्रवेशाच्या वेळी एखादा दाखला कमी पडला तर हातची जागा जाऊ शकते. म्हणून कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रत्येक कागदाच्या चार प्रती काढून ठेवण्याची सवय आपल्याला लागलेली आहे, आणि ती इथे योग्यच आहे. तिकडे मात्र अर्ज एक माणूस वाचतो, तोही मर्यादित वेळात, आणि प्रमाणपत्रांची बेरीज करत नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये १० उपक्रम आणि ५ सन्मान नोंदवता येतात. मुलीने तिथे लिहिलेले तो सहसा खरे धरूनच चालतो. ज्या गोष्टीवर कुणी शंका घेतलेली नाही, तिचा पुरावा पाठवून काय साधणार? शिवाय अनेक विद्यापीठे न मागितलेले साहित्य पाहिले जाणार नाही असे आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहितात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा तर अर्जच स्वतंत्र आहे, आणि तिथे अर्जासोबत शिक्षकांची शिफारसपत्रेसुद्धा घेतली जात नाहीत.

आमदारांचे पत्र मुळीच पाठवू नका. ज्यांनी मुलीला वर्गात किंवा रियाजाला बसलेले पाहिलेले नाही, त्यांचे पत्र तिच्याबद्दल काही सांगू शकत नाही, उलट वशिल्याचा वास येतो. काही विद्यापीठे शिक्षकांव्यतिरिक्त आणखी एका व्यक्तीचे पत्र स्वीकारतात. तिथे तिच्या तबल्याच्या गुरुजींनी दोन परिच्छेद लिहिले, तर ते कितीतरी मोलाचे ठरतील.

आता ज्या ठिकाणी विद्यापीठ स्वतःहून दार उघडते, त्याबद्दल. एमआयटी संगीत, दृश्यकला, संशोधन आणि स्वतः बनवलेल्या वस्तू यांचे पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामाचे निवडक नमुने, ऐच्छिक म्हणून स्वीकारते. निफाडकडच्या आमच्या एका विद्यार्थ्याने घरच्या कांदाचाळीत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे यंत्र बसवले होते. विज्ञान प्रदर्शनातील बक्षिसाचे फोटो पाठवावेत असे त्याच्या घरच्यांना वाटत होते. मला मात्र त्याच्या वहीतले एक पान महत्त्वाचे वाटले. सेन्सर त्याने आधी छपराजवळ लावला होता, तिथे हवा कोरडी दिसत होती आणि खाली ढिगाच्या पोटात कांदा सडत होता. त्या पानावर जुनी आकृती खोडून, सेन्सर ढिगाच्या मध्यात नेल्यानंतरची आर्द्रता आणि रोज निवडून काढलेल्या सडक्या कांद्याचे वजन समोरासमोर लिहिलेले होते. पोर्टफोलिओत त्याने तेच पान ठेवले. अर्जाच्या चौकटीत न मावणारे काहीतरी त्यातून दिसत होते, आणि जादा साहित्य पाठवायचे तर ते याच कारणासाठी पाठवावे, असे मी मानते.

तबल्यालाही हाच निकष लावा. संगीताचा पोर्टफोलिओ स्वीकारला जात असेल आणि मुलीचा हात खरोखर तयार असेल, तर स्वच्छ आवाजातले एकल वादन जरूर पाठवा. असे ध्वनिमुद्रण काही ठिकाणी संगीत विभागातील प्राध्यापक ऐकतात, त्यामुळे बेताचे वादन न पाठवलेलेच बरे. पोर्टफोलिओची मुदत अर्जाच्या मुदतीपेक्षा वेगळी असू शकते, तेव्हा प्रत्येक विद्यापीठाचे पान स्वतंत्रपणे वाचावे लागेल.

खरी मेहनत उपक्रमांच्या वर्णनावर घ्या. त्यासाठी प्रत्येकी १५० अक्षरेच मिळतात. तिथे नुसते ‘विशारद उत्तीर्ण’ लिहिले तर परक्या वाचकाला काहीच कळणार नाही. ‘रोज पहाटे रियाज, शनिवारी पंचवटीत लहान मुलांना तबला शिकवते, गुरुपौर्णिमेला गायकांना साथ’ असे लिहिले की मुलगी डोळ्यांसमोर येते. आजारपण, शिक्षण मंडळ बदलणे, घरची अडचण अशा गोष्टींसाठी अर्जात वेगळी जागा असते, त्यासाठी निराळे पत्र लागत नाही. अर्ज गेल्यानंतर एखादा मोठा सन्मान मिळालाच, तर विद्यापीठाच्या अर्जदार पोर्टलवरून चार ओळींत कळवावे.

मूळ प्रमाणपत्रे मात्र कुरिअरने कुठेही पाठवू नका, कारण ती परत येतील याची खात्री नसते आणि इथल्या प्रवेशासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी त्यांची गरज पुढे लागू शकते.