गल्लीतल्या समाजमंदिराचा लग्नाबारशाशिवाय काही उपयोग असतो का?

असतो की! आमच्या नांदेडच्या गल्लीतलंच सांगतो. सकाळी तिथं अंगणवाडी भरते, ३ ते ६ वर्षांची लेकरं. दहाच्या सुमारास खिचडीचा वास पार रस्त्यावर येतो. ताईंकडे वजनकाटा असतो, लेकराचं वजन घटलं की आईला तिथंच थांबवून सांगतात. (ही योजना १९७५ पासूनची; गरोदर बायांची नोंदही त्यातच होते.) दुपारी बचत गट: सतरंजी, एक वही, पंधरा-वीस बाया. संध्याकाळी ओट्यावर म्हातारी मंडळी, पेपर आणि राजकारण.

खरी गर्दी मात्र मागच्या खोलीतल्या अभ्यासिकेत. घरी दोन खोल्या, त्यात टीव्ही चालू, उन्हाळ्यात वर तापलेले पत्रे. पोलीस भरतीची आन् एमपीएससीची पोरं अभ्यास करणार कुठं? खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतात, त्यावरून भांडतातही.

फक्त किल्ली कोणाकडे आहे ते आधी बघा. आमच्याकडे ती एका पुढाऱ्याच्या माणसाकडे होती, तेव्हा वर्षभर आत मंडपाचं सामान पडून होतं. तुमचंही बंद असेल तर गल्लीतल्या वीसेक जणांच्या सह्या घेऊन महापालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.