बसच्या टपाला पांढरं कोटिंग: आधी पत्रा, मग डबा

जुनी स्कूल बस घेतलीत आणि टपाला कुठल्या कंपनीचं पांढरं कोटिंग लावू असं विचारलंत. अभिनंदन! अमेरिकेतली जुनी स्कूल बस म्हणजे टपावर रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) रांगाच रांगा, आणि पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच. त्यामुळे कुठल्या कंपनीचा डबा घ्यायचा, हे नंतर बघू.

- तारेच्या ब्रशने गंज खरवडा, टप साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. उघड्या पत्र्याला प्रायमर मारा.
- प्रत्येक सांधा आणि रिव्हेट सीलंटने (फटी बुजवायच्या लेपाने) बंद करा. गळती कोटिंगच थांबवेल या भरवशावर राहू नका. मी राहिलो होतो. पहिल्याच पावसात गादी भिजली.

आता डबा. ॲक्रिलिक कोटिंग स्वस्त, ब्रश पाण्याने धुता येतो. पण साचलेल्या पाण्यात ते टिकत नाही. सिलिकॉन कोटिंग टिकतं, पण एकदा लावलं की त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही धड चिकटत नाही. बसचा टप गोलसर, पाणी ओघळून जातं, म्हणून पहिल्या वेळी ॲक्रिलिकच घ्या. टपावरच्या एसीभोवती पाणी साचत असेल तर मात्र सिलिकॉन.

रंग पांढराच. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्या, आणि सकाळी दव सुकल्यावर सुरुवात करा. संध्याकाळी लावलेलं कोटिंग रात्रीच्या दवाने खराब होतं.